शेजारची सीट

आगारात त्याला सगळे 'नाकासमोर' म्हणायचे. माणूस सरळ होताच, पण नाव पडलं ते नजरेवरून. बस चालवताना तो डावीकडे बघायचा नाही की उजवीकडे. आरशात डोकवायचा, तेवढाच काय तो तिरकेपणा. एकोणतीस वर्षं त्याने एकच मार्ग चालवला. सकाळी सातला शहरातून निघायचं, साडेअकराला शेवटच्या थांब्यावरच्या गोल चौकात बस वळवून उभी करायची, डबा खायचा, एकला उलटं निघायचं आणि साडेपाचला परत आगारात. रस्त्यावरचा एकूण एक खड्डा तोंडपाठ. कुठल्या वळणाला गिअर खाली घ्यायचा, कुठल्या पुलावर पावसात चाक सरकतं, कुठली शाळा किती वाजता सुटते, सगळं डोक्यात. पण रस्त्याच्या कडेला काय आहे असं कोणी विचारलं असतं, तर "पांढरा पट्टा" यापलीकडे त्याला काही सांगता आलं नसतं.

त्याची बायको शिवणकाम करायची. शाळेचे गणवेश, दवाखान्यातले अंगरखे, शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या पँटा आखूड करून देणं, असलं काम. गल्लीतली पोरं तिला सुईमावशी म्हणत, आणि पुढे मोठी माणसंही तेच म्हणू लागली. दोन खोल्यांचं घर. पुढच्या खोलीत खिडकीशी मशीन, मागच्या खोलीत सासूची खाट. लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच सासूच्या अंगावरून वारं गेलं, आणि पुढची अकरा वर्षं सुईमावशी बाजारापलीकडे कुठे गेली नाही. मध्ये मुलगी झाली, तीही त्याच मशीनच्या खडखडाटात वाढली.

त्या दिवसांत एका संध्याकाळी तो घरी आला, चपला काढल्या, तोंड धुतलं. तिने मान वर न करता विचारलं, "आज काय काय दिसलं?"

"रस्ता," तो म्हणाला.

ती हसली. मग पाय मशीनवर तसाच चालवत खिडकीबाहेर बघत राहिली. खिडकीबाहेर शेजारच्या इमारतीची भिंत होती, दुसरं काही नव्हतं. तिचं ते बघणं त्याच्या जिवाला लागलं.

बसवर त्याच्यासोबत एक कंडक्टर होता. त्याला रेडिओ म्हणत, कारण तो बंद व्हायचा नाही. परतीच्या फेरीत तिकिटं फाडून झाली की तो ड्रायव्हरच्या सीटमागच्या दांडीला टेकून उभा राहायचा आणि काही ना काही सांगत बसायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी रेडिओ म्हणाला, "अरे, त्या पिवळ्या घराच्या गच्चीवर एक म्हातारा बाजा वाजवत बसलाय, आणि खाली त्याची म्हातारी कपडे वाळत घालता घालता नाचतेय." नाकासमोर नुसतं "हं" म्हणाला. पण संध्याकाळी घरी जाऊन त्याने ते बायकोला सांगितलं, जसं काही आपण स्वतःच पाहिलंय.

मशीन थांबलं. "खरंच? मग?"

"मग काय, बस पुढे गेली."

तेव्हापासून ते रोजचंच झालं. एक झाड होतं, त्याच्यावर पांढरे पक्षी इतके दाटीवाटीने बसायचे की झाडाला मोहर आलाय असं वाटावं. एक तळं होतं, त्याच्या पोटात अख्खं गाव बुडालेलं होतं, आणि उन्हाळ्यात पाणी उतरलं की त्या गावाचा मनोरा वर यायचा. एक मुलगी रोज पुलावर उभी राहून गाडीतल्या कोणालाही हात करायची, ती पुढे मोठी झाली, एके दिवशी नवऱ्यासोबत उभी राहून हात करू लागली. रेडिओ दुपारी सांगायचा, नाकासमोर संध्याकाळी पोचवायचा. सुईमावशी ते ऐकत ऐकत गणवेशाच्या बाह्या लावायची. मनोरा तर तिला एवढा आवडला होता की मुलीच्या उशीच्या अभ्र्यावर तिने तो निळ्या दोऱ्याने भरला, खाली पाण्याच्या तीन लाटांसकट.

आपण हे पाहिलेलं नाही, हे सांगायचं आज ना उद्या राहूनच जात होतं. मग सासू गेली, मुलगी नर्स होऊन दुसऱ्या शहरात नोकरीला लागली, रेडिओ निवृत्त होऊन शेवटच्या थांब्याच्या गावी बहिणीकडे राहायला गेला. आणि नाकासमोरच्या शेवटच्या वर्षाच्या तपासणीत डॉक्टरांनी त्याच्या डोळ्यांत बराच वेळ उजेड मारला. कडेची नजर कमी झालीय म्हणाले. रोज थेंब घातले तर आहे तेवढं टिकेल, पण गाडी आता चालवायची नाही. आगारात सगळे म्हणाले, तुझं काय अडलंय, तू कडेला बघत होतास कधी? तोही हसला. घरी येऊन मात्र दोन दिवस कोणाशी बोलला नाही.

तिसऱ्या दिवशी सुईमावशीने गाडी शिकायचा क्लास लावला. वय चौपन्न. नवऱ्याकडून का शिकत नाही असं लोकांनी विचारलं, तर म्हणाली, "संसार टिकवायचाय मला." दोनदा नापास झाली, तिसऱ्यांदा पास झाली. तिची एक जुनी गिऱ्हाईक परदेशी मुलाकडे निघाली होती, तिची छोटी राखाडी गाडी मावशीने घेतली. सीटांना नव्या खोळी शिवल्या, फिकट हिरव्या रंगाची. आणि ऊन चांगलं तापायला लागल्यावर एका सकाळी नवऱ्याच्या डोळ्यांत थेंब घालता घालता म्हणाली, "मनोरा उन्हाळ्यातच वर येतो ना? मग आत्ताच जायला हवं."

"कुठे?"

"तुमच्या रस्त्याने. सगळं बघत बघत जायचं. म्हातारा, पक्षी, तळं. शेवटी रेडिओभाऊजींना भेटायचं."

त्याचे डोळे मिटलेले होते. थेंब कानापर्यंत ओघळला तरी त्याने ते उघडले नाहीत.

ते निघाले तेव्हा उन्हं नुकतीच छपरांवर आली होती. मागच्या सीटवर टोपली होती. उकडलेली अंडी, पाव, काकड्या, भाजलेले बटाटे, कॉफीचा थर्मास आणि बर्फ घालून भरलेली लिंबाच्या सरबताची मोठी बाटली. डोळ्यांचे थेंब ओल्या फडक्यात गुंडाळून तिने बाटलीच्या गळ्याला बांधले होते. ती पुढे सरकून, दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून चालवत होती, मशीनवर बसते तशी. तो शेजारी बसला होता आणि प्रत्येक वळणावर त्याचा उजवा पाय जमिनीत रुतत होता.

"तुमच्या पायाखाली ब्रेक नाहीये," ती म्हणाली.

"माहितीये."

"मग दाबताय काय?"

"पाय दाबतोय. मी नाही."

शहर मागे पडलं. खिडक्या उघड्या होत्या, वारा अजून गार होता. थोड्या वेळाने ती म्हणाली, "बाहेर बघा की जरा. मला मान वळवता येत नाही. सांगा, काय दिसतंय?"

त्याने मान वळवली. आता नुसत्या डोळ्याच्या कोपऱ्यातून त्याला दिसायचं नाही, घुबडासारखं अख्खं डोकं फिरवावं लागायचं. "शेत आहे," तो म्हणाला.

"कसलं?"

"हिरवं."

"अहो, संध्याकाळी घरी येऊन किती छान सांगायचात. आता काय झालं?"

त्याने सरबताचा घोट घेतला आणि पुन्हा बाहेर बघितलं. शेताच्या पलीकडे नदी होती. पूल तीन होते हे त्याला माहीत होतं, पण ही एकच नदी रस्त्याला तीनदा ओलांडते आणि मधल्या वेळात शेजारून चालत असते, हे माहीत नव्हतं. झाडं आली की ती लपायची, झाडं संपली की पुन्हा हजर. एकोणतीस वर्षं ही आपल्या बरोबरीने धावत होती, असं त्याच्या मनात आलं, आणि त्याला कसंसंच झालं. ओळखीच्या माणसाच्या घरावरून रोज जावं आणि त्याला कधी हाक मारू नये, तसं.

"आता पिवळं घर येईल," ती म्हणाली. "दुसऱ्या पुलानंतर, तुम्हीच म्हणाला होतात."

दुसऱ्या पुलानंतर पिवळं घर खरोखरच आलं. तिने गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि उतरून फाटकापर्यंत गेली. ते पाणी खेचायच्या पंपाचं घर होतं. दाराला कुलूप, आत मोटरीचा गुणगुणाट, आणि वर दोन बाजूंनी उतरतं कौलारू छप्पर. ती बराच वेळ छपराकडे बघत राहिली.

"याला गच्चीच नाही," परत येऊन ती म्हणाली.

"पाडली असेल," तो म्हणाला. स्वतःच्या कानालाही ते खोटं वाटलं.

तिसऱ्या पुलापाशी एक खानावळ होती. द्राक्षाच्या वेलीच्या मांडवाखाली चार टेबलं आणि बुटकी, गोल चेहऱ्याची मालकीण. तिथे बस कधीच थांबली नव्हती. मालकिणीने सकाळीच नदीतून आलेले मासे तळून आणले, सोबत कांदा, लिंबाच्या फोडी आणि गरम पाव. सुईमावशीने सरबतच घेतलं, तिला गाडी चालवायची होती. त्याने बिअर मागवली. भर दुपारी बिअर प्यायची त्याच्या आयुष्यातली ही पहिलीच वेळ. ग्लास इतका गार होता की बाहेरून घामेजला होता. पानांतून पडलेले उन्हाचे कवडसे टेबलावर इकडून तिकडे सरकत होते. अर्धा ग्लास पोटात गेल्यावर त्याने तो खाली ठेवला.

"मी काही पाहिलेलं नाही," तो म्हणाला.

"काय नाही पाहिलंत?"

"म्हातारा. पक्षी. मनोरा. काहीच नाही. रेडिओ सांगायचा ते मी तुला येऊन सांगायचो. मी समोरच बघत असायचो."

तिने माशातला काटा काढला आणि ताटाच्या कडेला ठेवला. मग दुसरा काढला. "इतकी वर्षं?"

"पहिला दिवस सोडून. पहिल्या दिवशी मी रस्ता म्हणालो होतो."

ती रागावली असती तर त्याला सोपं गेलं असतं. ती शांतपणे जेवत राहिली. मालकीण पाव हवाय का विचारून गेली. शेवटी सुईमावशी म्हणाली, "त्या नाचणाऱ्या म्हातारीशी मी बोलायचे. सासूबाईंचं सगळं उरकून मशीनवर बसले की मनातल्या मनात तिला सांगायचे, आज अमुक झालं, तमुक झालं. ती ऐकायची आणि कपडे वाळत घालायची."

त्याने तिच्या ग्लासात सरबत ओतलं, ते भरून टेबलावर सांडलं.

"पुरे," ती म्हणाली आणि हात धुवायला उठली. परत आली तेव्हा गाडीची किल्ली हातात होती. "चला. म्हातारा खोटा असेल, तळं काही खोटं नाही. मघाशी पाटी दिसली मला."

दुपारचा रस्ता लांबवर वितळल्यासारखा दिसत होता. पुढे पाणी सांडलंय असं वाटायचं आणि तिथे पोचेपर्यंत ते आणखी पुढे गेलेलं असायचं. दोन्ही बाजूंना उंच सडसडीत झाडं लागली. त्यांच्या सावल्या रस्त्यावर आडव्या पडल्या होत्या, गाडी त्यांतून जात होती आणि ऊन-सावलीचे पट्टे तिच्या हातांवरून, मांडीवरून, कानामागच्या पांढऱ्या केसांवरून धावत होते. तो तिच्याकडे बघत होता. घरी ती मशीनवर असायची तेव्हा त्याला तिची पाठ दिसायची, जेवायला बसली की समोरून चेहरा. अशी शेजारून ती त्याला कधी दिसलीच नव्हती. हनुवटीखाली एक बारीक तीळ होता. सुईत दोरा ओवताना धरते तसे ओठ तिने आत्ताही घट्ट धरले होते. इंजिनाचा आवाज, वारा आणि ते धावणारे पट्टे. किती वेळ गेला, त्याला सांगता आलं नसतं. वाटेतल्या थांब्यांची नावंही त्याला आठवेनात, आणि आठवावीत असंही वाटेना.

तळ्याकडे जाणारा कच्चा रस्ता मुख्य रस्त्यापासून फर्लांगभरच होता. वर बांध, बांधावर गवत, आणि पलीकडे एवढं मोठं, एवढं निश्चल पाणी की दोघं वर चढल्यावर आपोआप हळू आवाजात बोलू लागली. पाणी खूप खाली गेलं होतं. भोवती भेगाळलेल्या मातीचा रुंद पट्टा होता. मनोरा कुठेच नव्हता. फक्त एका ठिकाणी काठापासून दगडी पायऱ्या खाली उतरत पाण्यात शिरल्या होत्या, आणि त्यांच्या दोन्ही अंगांना फाटकाचे दोन खांब उभे होते.

बांधावरच्या खोलीतून तळ्याचा राखणदार आला, डोक्याला ओला रुमाल गुंडाळून. सुईमावशीने त्याला विचारलं, "इथे पाण्यात गाव आहे का हो?"

"गाव? नाही, गाव कधी नव्हतं," राखणदार म्हणाला. "विटांचा कारखाना होता. त्याच्याच या पायऱ्या. मधोमध एक चिमणी होती."

"एकच?"

"एकच. चांगली उंच. उन्हाळ्यात पाण्याबाहेर यायची."

ती त्याच्याकडे बघत राहिली. "चिमणी पाण्याबाहेर यायची?"

"धुराची हो, बाई. धुराची चिमणी. सात-आठ वर्षांपूर्वी पडली."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा तिचे ओठ सैल झाले, आणि मग ती खाली गवतात बसून हसत सुटली. राखणदाराला काय विनोद झाला ते कळलं नाही, पण बाई हसतेय म्हणून तोही हसला. त्याने खोलीतून कलिंगड आणून दिलं. पाण्यात बुडवून ठेवलेलं, गार. तिघांनी तिथेच फोडून खाल्लं.

राखणदार परत गेल्यावर ती दोघं पायऱ्या उतरून पाण्यापाशी गेली आणि पाय सोडून बसली. पाणी वर कोमट होतं आणि घोट्याखाली थंड. पायऱ्या पाण्यातही दिसत होत्या, एकामागून एक, हिरव्या होत होत नाहीशा झालेल्या.

"सांगा," ती डोळे मिटून म्हणाली. "मी बघत नाहीये. काय दिसतंय?"

त्याने सावकाश डोकं फिरवलं, या टोकापासून त्या टोकापर्यंत. "पलीकडच्या काठावर एक होडी उलटी करून ठेवलीय," तो म्हणाला. "तिच्यावर कोणीतरी पांढरी चादर वाळत घातलीय. वारा नाही, त्यामुळे ती हलत नाहीये. तिच्यामागे टेकडी. टेकडीचं पाण्यात पडलेलं रूप टेकडीपेक्षा गडद दिसतंय. आपल्या पायांपाशी बोटाएवढे मासे आलेत. तुझ्या पायांकडे जास्त आलेत."

"चादर खरंच आहे?"

"डोळे उघडून बघ."

तिने उघडले नाहीत. नुसती त्याच्या खांद्याला टेकली. ऊन कलेपर्यंत दोघं तिथेच होती.

शेवटच्या थांब्याच्या गावात पोचले तेव्हा दिवस मावळायचा होता. रेडिओचं घर चौकापासून दुसऱ्या गल्लीत. अंगणात कुंड्या, दारात वेताची खुर्ची, खुर्चीत तो. वाळून निम्मा झाला होता आणि एका कानाने कमी ऐकायला लागला होता, पण यांना बघून असा उठला की खुर्ची उलटली. "वहिनी गाडी चालवत आल्या? आणि हा शेजारी बसला? मग ब्रेक कोणी तुटेपर्यंत दाबला?"

त्याच्या बहिणीने गरम सूप, पाव आणि चीज पुढे ठेवलं आणि ती आत गेली. सूप संपल्यावर सुईमावशीने विषय काढला. म्हातारा, पक्षी, मनोरा, पुलावरची मुलगी, एकेक करत तिने सगळं त्याच्यापुढे मांडलं. रेडिओ चाट पडला.

"हे सगळं तू वहिनींना स्वतःच्या नावावर खपवलंस?" त्याने नाकासमोरला विचारलं.

"खपवलं."

"आणि मी म्हणायचो, हा माणूस ऐकतो तरी की नाही. नुसता हं हं करायचा."

"भाऊजी, खरं काय त्यातलं?" सुईमावशी म्हणाली.

रेडिओने डोकं खाजवलं. "पक्षी खरे. ते झाड रस्ता रुंद करताना तोडलं. चिमणी तुम्ही शोधलीतच. मुलगी... मुलगी एकदाच दिसली होती. पुढचं मीच तिला मोठं केलं, लग्न लावून दिलं. म्हातारा कुठून आला ते आता मलाही आठवत नाही."

"पण कशासाठी?"

रेडिओने सुपाची रिकामी वाटी बाजूला सरकवली. "तुमची सासू आजारी पडली त्या उन्हाळ्यातली गोष्ट. हा रात्री आईपाशी जागायचा आणि सकाळी गाडीवर यायचा. एके दुपारी मी मागे तिकिटं फाडत होतो. गाडी जरा कडेला जातेय असं वाटलं म्हणून पुढे बघितलं, तर आरशात याचे डोळे मिटलेले. गाडीत चाळीस माणसं. मी जोरजोरात बेल ओढली. हा दचकला, गाडी सरळ केली आणि मला म्हणाला, 'बेल कशाला देतोस, थांबा कुठाय इथे?' याला काही कळलंच नव्हतं."

नाकासमोरचा हात टेबलावर होता तसाच राहिला.

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगितलं असतं तर तू साहेबाकडे जाऊन स्वतःच कबूल केलं असतंस. तुझं नाव उगाच नाकासमोर नाही. गाडीवरून काढलं असतं तुला. घरात आई अंथरुणाला, वहिनींच्या हाती नुसती सुई. म्हटलं, याला जागं ठेवायचं काम आपलं. दुसऱ्या दिवसापासून परतीच्या फेरीला तुझ्यामागे उभा राहून बोलायला लागलो. जे दिसेल ते सांगायचो. नाही दिसलं तर बनवायचो."

बाहेर चौकात एक बस वळत होती, तिच्या इंजिनाची घरघर ओळखीची होती. नाकासमोरने मान खाली घातली. चाळीस माणसांतली कितीतरी त्याला चेहऱ्याने आठवत होती. ते चेहरे एकेक करून डोळ्यांपुढून गेले, आणि मग त्याने हात लांब करून रेडिओचं मनगट धरलं. नुसतं धरून ठेवलं.

"मीही त्यावरच जागी राहिले," सुईमावशी हळूच म्हणाली. "एकाच औषधावर दोन माणसं काढलीत तुम्ही."

"दोन नाही, त्रेचाळीस," रेडिओ म्हणाला. "मी पण होतो ना गाडीत."

रात्री ती दोघं त्याच्या माडीवरच झोपली. सकाळी परत फिरायचं ठरलं होतं. रेडिओने दोन डझन अंजिरं बांधून दिली आणि चौकापर्यंत चालत सोडायला आला. सुईमावशीने गाडी गोल चौकात घातली. इथे नाकासमोर रोज बस वळवायचा. त्याचा पाय सवयीने वळणाची तयारी करू लागला. ती अर्धा फेरा घेऊन थांबली. चौकातून आणखी एक रस्ता फुटत होता.

"हा कुठे जातो?"

"माहीत नाही," तो म्हणाला. "आमची हद्द इथपर्यंत."

तिने मागे बघितलं. रेडिओ हात हलवत होता. तिने इंडिकेटर दिला आणि त्या रस्त्याला लागली.

पाऊण तासाने रस्ता संपला तो एका रुंद खाडीपाशी. पुढे पाणी, आणि पाण्यावर गाड्या पलीकडे नेणारी सपाट तराफ्यासारखी बोट. आपण ज्यांना चौकात उतरवून द्यायचो ती गाठोडीवाली माणसं पुढे कुठे जात, ते त्याला आत्ता कळलं. सुईमावशीने दात ओठ खाऊन गाडी बोटीवर चढवली. एका माणसाने चाकांना लाकडी ठोकळे लावले आणि दोरी सोडली. दोघं उतरून कठड्याशी उभी राहिली. काठ सरकायला लागला. हवेत मिठाचा वास होता, ऊन पाण्यावर फुटून सगळीकडे पसरलं होतं, मागे त्यांची राखाडी गाडी हिरव्या सीटांसकट उभ्या उभ्या चालली होती आणि ती चालवायला कोणाचीच गरज नव्हती. तिने एक अंजीर सोलून अर्धं त्याला दिलं. त्याने ते तोंडात टाकलं आणि कठड्यावर हात ठेवून आधी इकडे बघितलं, मग तिकडे.

पलीकडे त्यांना मच्छीमारांचं एक छोटं गाव लागलं. एका पावाच्या भट्टीवरची खोली त्यांनी एका दिवसासाठी घेतली. पहाटे भिंतीतून भाजल्या पिठाचा वास यायचा, खाली जाऊन गरम पाव आणि लोणी खायचं, मग वाळूत चालायचं, दुपारी पडदे ओढून पडून राहायचं. एका दिवसाचे सहा झाले. मुलीने फोनवर विचारलं, बाबांचे थेंब संपले का, परत कधी येताय? सुईमावशी म्हणाली, थेंब इथेही मिळतात.

घरी आल्यावर गणवेशांचा ढीग वाट बघत होता, शाळा उघडायला पंधरा दिवस होते. नाकासमोर आता तिच्या मशीनशेजारी स्टूल टाकून बसतो आणि काज करून देतो. कडेची नजर गेली असली तरी समोरचं बारीक काम त्याला अजून नीट दिसतं.

पुढच्या उन्हाळ्यात ती दोघं पुन्हा निघाली, तेव्हा गोल चौकातून त्यांनी रेडिओला मागच्या सीटवर घेतलं. बोट येईपर्यंत गप्प बसायचं, ज्याला जे दिसेल ते त्याने स्वतः बघायचं, अशी अट सुईमावशीने घातली होती. तो चार किलोमीटर गप्प बसला.